नाकाची रुंदी आणि जातीचा रकाना: माणूस मोजणाऱ्या शास्त्राचा इतिहास कसा वाचतात

नाकाची उंची ५० मिलिमीटर, रुंदी ४२ मिलिमीटर. रुंदीला उंचीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. उत्तर येते ८४. याला नासिका निर्देशांक म्हणतात. तो ७० च्या खाली असला तर नाक ‘अरुंद’, ७० ते ८५ असला तर ‘मध्यम’, ८५ च्या वर गेला तर ‘रुंद’. तेव्हा हे नाक मध्यम. आता मोजणाऱ्याने नाकाचे मूळ दोन मिलिमीटर खाली धरले असे समजा. उंची ४८ भरते, निर्देशांक ८७.५ होतो, आणि तोच माणूस ‘रुंद नाकाच्या’ गटात जाऊन बसतो. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची रुंदी.

ही चूक सहज होण्यासारखी आहे. नाकाचे मूळ म्हणजे कपाळाचे हाड आणि नाकाची हाडे जिथे जुळतात तो बिंदू. कवटीवर तो सांधा डोळ्यांना दिसतो. जिवंत माणसात तो कातडीखाली असतो, नखाने चाचपून शोधावा लागतो, आणि पुष्कळांच्या चेहऱ्यावर तिथे खाचच नसते. खालचा बिंदू नाकपुड्यांमधला पडदा वरच्या ओठाला टेकतो तिथला. रुंदी घेताना कॅलिपरची, म्हणजे माप घेण्याच्या चिमट्याची, टोके नाकपुड्यांना नुसती टेकवायची असतात. दाबली तर मऊ मांस आत जाते आणि रुंदी कमी भरते. समोरचा माणूस हसला तर ती वाढते. वय वाढते तसे नाकही लांबते, म्हणून एका गटात म्हातारे जास्त आणि दुसऱ्यात तरुण जास्त असतील, तर दोन्ही गटांच्या सरासरीत फरक दिसणारच.

एवढ्या नाजूक मापावर हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरच्या आपल्या ग्रंथात एक ‘नियम’ उभा केला. पूर्व भारतात जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा तो नियम. नाक जितके रुंद तितकी जात खालची. पद्धत फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पॉल तोपिनार याची होती. सुमारे ६,००० माणसे मोजली गेली आणि ती ८९ जाती-जमातींत वाटलेली होती. पुढे हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा घाट घातला गेला आणि आपली जात वरच्या पायरीवर लिहावी म्हणून ठिकठिकाणच्या जातिसभांचे अर्ज सरकारदरबारी येऊ लागले.

माणसाचे शरीर मोजणे, त्यातून आनुवंशिकतेचे दावे करणे आणि त्या दाव्यांवर कायदे बांधणे, या साखळीचा अभ्यास करणारे इतिहासकार जगभर आहेत. युजेनिक्स, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा त्या साखळीचा सर्वांत विखारी दुवा. या अभ्यासाला सगळे आयुष्य द्यावे असे त्यात काय आहे, आणि ही मंडळी नेमके काम कसे करतात, ते इथे सांगायचे आहे. त्यांच्या कामाचे सूत्र एका वाक्यात मावते: छापील तक्त्यापासून मागे मागे जात मोजणाऱ्याच्या हातापर्यंत पोचायचे, आणि हाताच्याही मागे, कोरा कागद आखला गेला त्या क्षणापर्यंत.

रिस्लेच्या तक्त्यांचा असा पाठलाग भारतात लवकरच झाला. तो केला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. १९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले, तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियनांच्या मोजमापांचे विश्लेषण त्यांना करायला सांगितले. त्यातून १९२२ मध्ये २०० माणसांच्या उंचीवरचा त्यांचा निबंध निघाला. पुढे १९३३ मध्ये, ‘सांख्य’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, त्यांनी रिस्लेचे बंगालचे आकडे पुन्हा तपासून छापले. मूळ तक्त्यांत गणिताच्या आणि छपाईच्या चुका निघाल्या.

अशा चुका धरायची एक युक्ती समजून घेण्याजोगी आहे. निर्देशांक हा दोन मापांवरून निघतो, त्यामुळे तीन आकड्यांपैकी कोणतेही दोन तिसऱ्याची साक्ष देतात. उंची ५०, रुंदी ४० आणि निर्देशांक ८६ असे छापलेले असेल तर काहीतरी चुकले आहे, कारण उत्तर ८० यायला हवे. सरासरीतही असाच एक खड्डा आहे. एकाचे नाक ४० भागिले ५०, म्हणजे ८०. दुसऱ्याचे ३६ भागिले ४०, म्हणजे ९०. दोन निर्देशांकांची सरासरी ८५. पण आधी रुंदीची सरासरी (३८) आणि उंचीची सरासरी (४५) काढून मग भागाकार केला तर ८४.४ येते. माणसे तीच, मापे तीच, आणि रेषा ८५ वर आखलेली. कोणती पद्धत वापरली हे तक्त्याखाली लिहिलेले नसेल तर इतिहासकाराला कच्चे आकडे घेऊन दोन्ही रीतींनी हिशेब करावा लागतो.

आणखी एक तपासणी तर वहीपेन्सिलीने होते. मापांचा शेवटचा अंक मोजायचा. माणसांच्या उंचीची मिलिमीटरमध्ये नीट घेतलेली २०० मापे असतील तर ० पासून ९ पर्यंतचा प्रत्येक अंक साधारण २० वेळा शेवटी यायला हवा. म्हणजे ० आणि ५ मिळून ४० च्या आसपास. ते ९० वेळा आले असतील तर मोजणाऱ्याने पट्टी वाचलेली नाही, डोळ्यांनी अंदाज बांधून आकडा जवळच्या पाचाला किंवा दहाला नेला आहे. नुसत्या शेवटच्या अंकांवरून शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी कोणाचे हात थकले होते ते कळते.

पण गणित बिनचूक असले तरी प्रश्न उरतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. मालवणला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभे करणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जात आणि वंशावरच्या पुस्तकात रिस्लेप्रभृतींची मापे प्रांतवार मांडून पाहिली. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, सामाजिक उतरंड आणि शरीराची मापे बऱ्यापैकी एका ओळीत येत होती. बाकीच्या प्रांतांत तो मेळ बसेना. मुंबई इलाख्याचे निष्कर्ष मराठी वाचकाने डोळे उघडे ठेवून वाचावेत असे आहेत. देशस्थ ब्राह्मणाची मापे चित्पावन ब्राह्मणापेक्षा सोनकोळ्याच्या मापांना जास्त जवळची निघाली. त्यानंतर जवळचे म्हणून महार आणि कुणबी एकत्र आले. शेणवी, नागर ब्राह्मण आणि वरच्या थरातले मराठे त्यांच्याही नंतर. या इलाख्यात तरी सामाजिक पायरी आणि शरीर यांचा काही संबंध लागत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच आकडे उचलले. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीला सुप्रजननाचा आधार आहे हा दावा खोडला होता. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया एकाच वंशाचे, हा तिथला मुद्दा. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाबद्दलच्या ग्रंथात त्यांनी घुर्यांची नासिका निर्देशांकाची मांडणी पुरावा म्हणून घेतली आणि निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग. ज्या कॅलिपरने माणसाला खाली ढकलले, त्याच कॅलिपरचे आकडे बाबासाहेबांनी उलटे फिरवले. या विषयाच्या इतिहासात यापेक्षा मोठा क्षण मला ठाऊक नाही.

आता कोऱ्या कागदाकडे येऊ. मोजमापाच्या प्रत्येक नोंदपत्रकावर कॅलिपर हातात घेण्याआधी एक रकाना भरला जातो: नाव, गाव आणि जात. नाक नंतर मोजले जाते. तक्त्यातल्या सरासऱ्या मग त्या रकान्याप्रमाणे निघतात, आणि दोन सरासऱ्यांत फरक दिसला की रकाना खरा ठरल्यासारखे वाटते. पण जगातली कोणतीही माणसे कोणत्याही दोन रकान्यांत वाटा, सरासरीत थोडाफार फरक येणारच. तो फरक गटांच्या आतल्या फरकापेक्षा मोठा आहे का, आणि हवामान, आहार, वय यांनी तो पडला नाही ना, हे वेगळे तपासावे लागते. नाकाच्या आकाराचा हवामानाशी संबंध १९२३ मध्येच थॉमसन आणि बक्स्टन यांनी दाखवला होता. डोक्याची रुंदी भागिले लांबी, हा शीर्षनिर्देशांक तर वंशाचे अढळ लक्षण मानला जाई. फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८,००० स्थलांतरित आणि त्यांची मुले मोजून १९११ च्या सुमारास दाखवले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा निर्देशांक आईबापांच्या देशात जन्मलेल्या भावंडांपेक्षा वेगळा येतो. त्या आकड्यांचे पुन्हा विश्लेषण २००२ आणि २००३ मध्ये झाले. एका गटाने बोआस यांचा निष्कर्ष फुगवलेला ठरवला, दुसऱ्याने मुळात बरोबर ठरवला. नव्वद वर्षांनीही तेच कच्चे आकडे वाद घालायला उपयोगी पडले, कारण बोआस यांनी ते पूर्ण छापून ठेवले होते.

सुप्रजननशास्त्र मुळात उभे राहिले लंडनमध्ये. फ्रान्सिस गॉल्टन याने १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला आणि पुढच्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या आरोग्य प्रदर्शनात मानवमितीची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स भरायचे, आत जायचे, एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. उंची, वजन, हाताची पकड, श्वासाची ताकद, दृष्टी, ऐकू येण्याची मर्यादा अशी मापे होत, आणि जाताना एक कार्ड हातात पडे. प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ माणसे मोजून झाली. डोकी मात्र मोजली नाहीत, कारण बायकांच्या टोप्या आणि केशरचना आड येत होत्या. इतिहासकाराला असा बारीक तपशील फार मोलाचा असतो. ‘इंग्रजांची मापे’ म्हणून छापलेला तक्ता प्रत्यक्षात पैसे देऊन प्रदर्शनाला आलेल्या, चालत्याफिरत्या, हौशी लोकांचा आहे, हे त्या तीन पेन्सवरून उघड होते. आजारी, अपंग आणि ज्याला तीन पेन्स जड होते तो माणूस त्या तक्त्यात जवळजवळ नाहीच.

गॉल्टनचे दुसरे काम मात्र टाकून देता येत नाही. २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीवरून त्याने १८८६ मध्ये दाखवले की उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच असतात, पण आईबापांइतकी नाही. त्यासाठी त्याने सगळ्या स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या बरोबरीला आणली होती. सहसंबंध (दोन मापे किती एकत्र बदलतात) आणि प्रतिगमन (एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज) ही संख्याशास्त्राची हत्यारे इथून निघाली. शेअर बाजारापासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत आज ती सगळीकडे वापरतात. त्यामुळे या विषयाच्या इतिहासकाराला संख्याशास्त्र शिकल्यावाचून सुटका नाही. ज्याला सहसंबंध काढता येत नाही त्याला गॉल्टनचा शिष्य कार्ल पिअर्सन कुठे बरोबर होता आणि कुठे घसरला ते सांगता येणार नाही. तो एवढेच म्हणू शकेल की माणूस वाईट होता, आणि त्याने कोणाला काही कळत नाही.

अभ्यासाचे आयुष्य कसे आकार घेते त्याचे चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकन इतिहासकार थिओडोर पोर्टर. १९८६ चे त्यांचे पहिले पुस्तक एकोणिसाव्या शतकात संख्याशास्त्रीय विचार कसा वाढला यावर. १९९५ चे दुसरे, सरकारी आणि सार्वजनिक कारभाराला आकड्यांवर विश्वास का ठेवावासा वाटतो यावर. २००४ मध्ये पिअर्सनवरचे पुस्तक. आणि २०१८ मध्ये ते वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांपर्यंत पोचले. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात येण्याच्या कितीतरी आधी, इस्पितळांचे डॉक्टर दाखल होणाऱ्या रुग्णाच्या नोंदीत आजाराचे कारण म्हणून ‘आनुवंशिक’ असे लिहीत होते आणि त्यांचे तक्ते करत होते. मानवी आनुवंशिकीचा पाया मटारच्या वेलींइतकाच या नोंदवह्यांत आहे, हे त्यांचे प्रतिपादन. चार पुस्तके आणि मध्ये ३२ वर्षे. प्रत्येक पुस्तक आधीच्याच्या एक पायरी मागे जाते: सिद्धांताकडून तक्त्याकडे, तक्त्याकडून नोंदवहीकडे.

मराठी माणसाच्या दृष्टीने या इतिहासाचे सर्वांत जवळचे पान बर्लिनमध्ये लिहिले गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई इरावती कर्वे १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या आणि डाहलेम या उपनगरातल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्थेत दाखल झाल्या. संस्था नुकतीच, १९२७ मध्ये, उघडली होती. संचालक ऑयगेन फिशर. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याने नाव कमावले होते. त्याने इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या विषमतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. युरोपीय लोकांत ही विषमता जास्त असावी आणि तिचा संबंध बुद्धीशी असावा, अशी फिशरची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. विषमता सगळ्यांतच सापडली. वंशाशी तिचा संबंध मात्र सापडला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. गुरूच्याच संस्थेत, गुरूच्याच कवट्यांवर, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध गेलेला आकडा एका परदेशी विद्यार्थिनीने तसाच ठेवणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

कथा इथेच संपवून त्यांना वीरांगना ठरवावे असा मोह होतो. इतिहासकाराने तो आवरायचा असतो. पुण्याला आल्यावर, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना, इरावतीबाईंनी मोजणे सोडले नाही. गावोगाव फिरून त्यांनी माणसे मोजली. वि. म. दांडेकर यांच्यासोबतचा त्यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरचा ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. नोंदपत्रकावर जातीचा रकाना याही वेळी होताच. फरक असा, की इरावतीबाईंनी त्या रकान्यालाच प्रश्न विचारला. ‘कुंभार’ असे एका शब्दात लिहिले, पण कुंभारांतले गट एकमेकांत लग्ने करत नाहीत, चाक वेगळे, चालीरीती वेगळ्या. मग ही एक जात कशी? एका नावाखालचे अनेक स्वतंत्र बेटीव्यवहाराचे गट, असे त्यांनी मांडले. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच सामाजिक पायरीवरचे हे आठ गट शरीराच्या मापांत आणि रक्तगटांत एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले. रिस्लेचे सूत्र पायरीवरून शरीर सांगत होते, आणि इथे पायरी एक असून शरीरे वेगळी.

आता आनुवंशिकीकडे. ‘दोष असलेल्यांना मुले होऊ दिली नाहीत तर दोष नाहीसा होईल’, हा सुप्रजननवाद्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. साध्या गणिताने तो मोडतो. एखादा आजार १०,००० माणसांत एकाला होतो असे धरा, आणि तो होण्यासाठी आईकडून एक व बापाकडून एक, अशा सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात. १०,००० माणसांत त्या जनुकाच्या एकूण २०,००० प्रती असतात. त्यांतल्या २०० सदोष. आजारी माणसाकडे त्यांपैकी फक्त २. उरलेल्या १९८ प्रती १९८ धडधाकट माणसांत एकेक करून लपलेल्या. म्हणजे दर पन्नासात एक माणूस वाहक, आणि ते त्याला ठाऊकही नाही. आजारी माणसाची नसबंदी केली तरी दर पिढीला सदोष प्रतींतला शंभरावा हिस्सा अडतो. प्रतींचे प्रमाण निम्मे व्हायला १०० पिढ्या लागतात, पिढी २५ वर्षांची धरली तर २,५०० वर्षे. इंग्रज आनुवंशिकीतज्ज्ञ पनेट यांनी अशा प्रकारचा हिशेब १९१७ मध्येच छापला होता.

तरीही कायदे झाले. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची नसबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली. तिला, तिच्या आईला आणि तिच्या तान्ह्या मुलीला ‘मंदबुद्धी’ ठरवणारा पुरावा किती तकलादू होता, हे पुढे इतिहासकारांनी कागद काढून दाखवले. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६०,००० हून अधिक नसबंद्या झाल्या. जर्मनीने १४ जुलै १९३३ ला कायदा केला आणि सुमारे ४,००,००० माणसांची नसबंदी झाली. गणित उपलब्ध असून ते का चालले नाही? याचे एक उत्तर वंशावळींच्या तक्त्यांत आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे १९१० मध्ये सुप्रजननाचे नोंदणी कार्यालय उघडले. क्षेत्रसेवक घरोघर जाऊन ऐकीव माहिती गोळा करत आणि मृत पणजोबांच्याही नावापुढे ‘मद्यपी’ किंवा ‘दुर्बलमती’ अशा खुणा करत. पुन्हा रकाना आधी. नौदल अधिकाऱ्यांच्या घराण्यांत समुद्राची ओढ एका जनुकाने येते, असेही डॅव्हनपोर्टने १९१९ मध्ये छापले. बाप नाविक असेल तर मुलगा बंदरावरच वाढतो, हा विचार त्या आकृतीत कुठे बसत नव्हता.

या वाटेवरून शास्त्राला मागे वळवणाऱ्यांत ब्रिटिश डॉक्टर लायोनेल पेनरोज हे नाव ठळक. १९३८ मध्ये त्यांनी कोलचेस्टर इथल्या १,२८० मतिमंद रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवले की ‘मतिमंदत्व’ हा एक आजार नाही, अनेक वेगवेगळ्या कारणांची मोळी आहे. १९४५ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉल्टनच्या नावाच्या प्राध्यापकपदावर आले. ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या तिथल्या नियतकालिकाचे नाव १९५४ मध्ये बदलून मानवी आनुवंशिकीचे झाले. त्या कॉलेजने २०२० मध्ये गॉल्टन आणि पिअर्सन यांची नावे आपल्या वास्तूंवरून काढली आणि जानेवारी २०२१ मध्ये सुप्रजननशास्त्राला दिलेल्या आश्रयाबद्दल जाहीर माफी मागितली.

आपल्याकडेही हे वारे आले होते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत सबंध पुस्तक लिहिले, त्याला संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले. संततिनियमनाची बाजू मांडणाऱ्या त्या काळच्या लेखनात स्त्रीच्या देहावर तिचा हक्क आणि ‘चांगली संतती’ हे दोन्ही धागे असतात. कोणत्या लेखकाच्या कोणत्या लेखात कोणता धागा किती, हे अंकागणिक वाचून वेगळे करायचे काम मराठीत अजून पुष्कळ शिल्लक आहे. मराठी वाचता येणाऱ्यानेच ते करायला हवे.

असे काम करू पाहणाऱ्याला काय लागते? एक तर भाषा. बर्लिनचे कागद वाचायचे तर जर्मन येऊन भागत नाही, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चाललेली जुनी जर्मन हस्तलिपी वाचायला शिकावी लागते, जशी पेशवे दप्तरासाठी मोडी. मग दप्तरखाने: गॉल्टन आणि पिअर्सन यांचे कागद लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचे लंडनच्याच वेलकम संग्रहात, डॅव्हनपोर्टचे फिलाडेल्फियात. रुग्णांच्या फायली पुष्कळ ठिकाणी कित्येक दशके बंद असतात, आणि उघडल्यावरही नावे छापायची नसतात. ज्याला एकदा खूण लावून अपमानित केले त्याचे नाव पुन्हा त्याच खुणेसह छापणे म्हणजे जखमेवर मीठ.

शिवाय आपल्याच बाजूच्या चुकीची तयारी ठेवावी लागते. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने १८३० आणि ४० च्या दशकांत कवट्यांत आधी बारीक बिया आणि नंतर शिशाच्या गोळ्या भरून मेंदूची जागा मोजली होती. बिया दाबल्या की जास्त मावतात, म्हणून मापे हलतात. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७८ मध्ये लिहिले की मॉर्टनने नकळत आकडे वंशभेदाच्या बाजूने झुकवले. २०११ मध्ये काही संशोधकांनी त्या कवट्या पुन्हा मोजल्या आणि मॉर्टनची मापे बहुतांशी बरोबर निघाली. मॉर्टन सुटला असे याने झाले नाही. वंशांच्या उतरंडीचा पूर्वग्रह मापांत नव्हता, त्या मापांवरून काढलेल्या अर्थात होता. गूल्ड यांनी तो चुकीच्या ठिकाणी शोधला.

इरावतीबाई शिकल्या ती डाहलेमच्या संस्थेची इमारत, ईनेश्ट्रासे २२, आजही उभी आहे आणि तिथे बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४ मध्ये जवळच खोदकाम चालू असताना माणसांची हाडे सापडली. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे १६,००० तुकडे निघाले. युद्धकाळात आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याने या संस्थेला शरीराचे अवयव पाठवले होते, आणि संस्थेत वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. तुकड्यांतली हाडे कोणकोणाची, हे ठरवायला जनुकीय चाचण्या करता आल्या असत्या. ज्यू, सिंती व रोमा आणि आफ्रिकी समुदायांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरले की त्या करायच्या नाहीत, या माणसांची पुन्हा वंशवार वाटणी करायची नाही. मार्च २०२३ मध्ये बर्लिनच्या एका स्मशानभूमीत ती सगळी हाडे एकत्र पुरण्यात आली.